एलईडी दिव्याच्या खोक्यावरची भाषा : वॅट, ल्युमेन, केल्विनपासून ड्रायव्हरपर्यंत

दुकानात गेल्यावर आपण अजूनही ‘नऊ वॅटचा पांढरा बल्ब द्या’ असंच म्हणतो. तारेच्या बल्बच्या काळात एवढं पुरत होतं. साठचा म्हटलं की उजेड किती आणि रंग कोणता हे ठरलेलंच असायचं, कंपनी कुठलीही असो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब घरोघरी पोचले, दिवे बदलले, पण मागण्याची भाषा तीच राहिली. एकाच वॅटचे दोन एलईडी बल्ब उजेडात, रंगात, डोळ्यांना होणाऱ्या त्रासात आणि आयुष्यात एकमेकांपासून फार वेगळे निघू शकतात.

खोक्यावरचा प्रत्येक शब्द एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो. इथे हे शब्द खरेदीच्या आणि बसवण्याच्या क्रमाने घेतले आहेत. सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवा. एलईडी दिवा बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातली उजेड देणारी चिप शाबूत असते. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर गेलेला असतो आणि त्याला घालवलेलं असतं उष्णतेने किंवा व्होल्टेजच्या झटक्याने. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांइतकंच बारीक अक्षरांकडे बघायला हवं.

पायरी १ : वॅट आणि ल्युमेन वेगळे करा

वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा उजेड. तारेचा ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, आजचा बरा ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो. रोज ५ तास धरले तर ५१ वॅटचा हा फरक वर्षाला ९३ युनिटांवर जातो, तोही एका बल्बमागे.

ल्युमेनला वॅटने भागलं की मिळते दिव्याची कार्यक्षमता, म्हणजे ‘ल्युमेन पर वॅट’. ९ वॅटला ७२० ल्युमेन म्हणजे ८०, आणि ९ वॅटला ९५० ल्युमेन म्हणजे १०५. दोघांचं वीजबिल सारखंच, पण दुसरा जवळजवळ एक तृतीयांश जास्त उजेड देतो. स्टार लेबलवरचे तारे हीच कार्यक्षमता दाखवतात. खोक्यावर ल्युमेनचा आकडाच छापलेला नसेल तर तो दिवा घेऊ नका.

एलईडीची पट्टी (स्ट्रिप) आणि पॅनेल घेताना आणखी एक विचारा : हे ल्युमेन चिपचे आहेत की पूर्ण दिव्याचे? चिपमधून निघालेला उजेड दुधी पत्र्यातून बाहेर येईपर्यंत बराच कमी होतो. काही कॅटलॉगांत चिपचा मोठा आकडाच छापलेला असतो.

पायरी २ : खोलीला किती लागतो ते काढा

दिव्यातून निघालेला उजेड ओट्यावर किंवा वहीवर किती पडतो, त्याचं माप लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. घरासाठी धरायचे अंदाज असे : जिना आणि पॅसेज १०० लक्स, बैठकीची खोली १५०, स्वयंपाकाचा ओटा ३००, अभ्यासाचं टेबल ३०० ते ५००.

आता १२ × १० फुटांची बैठकीची खोली घेऊ. १२० चौरस फुटांना १०.७६ ने भागलं की ११.१५ चौरस मीटर. त्याला १५० ने गुणलं की १,६७३ ल्युमेन. पण हा सगळा उजेड खाली पोचत नाही. काही भिंती आणि छत शोषून घेतात. फिक्या रंगाच्या भिंती असतील तर उपयोग गुणक ०.६ धरा, गडद असतील तर ०.४. धूळ बसून आणि दिवा जुना होऊन जो उजेड घटतो, त्यासाठी देखभाल गुणक ०.८. म्हणजे १,६७३ ÷ (०.६ × ०.८) = सुमारे ३,४८५ ल्युमेन. २,००० ल्युमेनच्या दोन बॅटन ट्यूब किंवा ९०० ल्युमेनचे चार बल्ब लागतील. याच खोलीला गडद निळा किंवा मरून रंग दिला तर गरज ५,२०० च्या वर जाते. रंगकाम झाल्यावर ‘दिवे तेच, पण खोली काळोखी झाली’ असं वाटतं, त्याचं कारण हे.

एक गोष्ट हिशेबात येत नाही, ती सावली. स्वयंपाकघराच्या मधोमध कितीही मोठा दिवा लावा, ओट्यापुढे उभं राहिल्यावर आपल्याच अंगाची सावली विळीवर पडते. तिथे वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेला दोन-तीन फुटांची पट्टी लावली की कमी वॅटमध्ये काम होतं. अभ्यासाच्या टेबलावर दिवा लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला हवा.

पायरी ३ : केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग

खोक्यावर २७००, ३०००, ४०००, ६५०० असे आकडे आणि पुढे ‘के’ असतं. हे रंगतापमान. दिवा किती तापतो याच्याशी त्याचा संबंध नाही. लोखंड तापवताना ते आधी लालसर, मग पिवळं, मग पांढरं दिसतं. रंगतापमानाचा आकडा याच कल्पनेवर बसवलेला आहे. म्हणून आकडा लहान तितका उजेड पिवळा, आकडा मोठा तितका निळसर पांढरा. दुकानातल्या भाषेत २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म व्हाइट, ४००० म्हणजे नॅचरल किंवा न्यूट्रल व्हाइट आणि ६५०० म्हणजे कूल डे लाइट.

ट्यूबलाइटची सवय असल्याने आपल्याकडे घरभर ६५०० लावायची पद्धत पडली आहे. आमचं मत विचाराल तर झोपायच्या खोलीत तो लावू नका. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळ्याचा काही भाग फॉस्फर पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. (अशी निळी एलईडी शक्य केल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) ६५०० मध्ये निळ्याचा वाटा जास्त राहतो आणि रात्रीच्या वेळी निळा प्रकाश झोपेला मारक ठरतो. झोपायची खोली ३०००, देवघर २७००, अभ्यास आणि स्वयंपाकघर ४०००, असं वाटप बहुतेक घरांना मानवतं.

एका खोलीत दोन रंग मिसळू नका. आणि एका छतात सहा डाउनलाइट (छतात बसवून खाली उजेड टाकणारे दिवे) लावायचे असतील तर सहाही एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. खोक्यावर ३००० छापलेले दोन दिवे शेजारी लावल्यावर एक गुलाबीसर आणि एक हिरवट दिसू शकतो. हा फरक एसडीसीएम नावाच्या मापात सांगतात. ३ किंवा त्याहून कमी असेल तर डोळ्याला फरक जवळजवळ कळत नाही, ६-७ असेल तर सहज कळतो. एखादा दिवा जादा घेऊन ठेवा, वर्षाने तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

‘थ्री इन वन’ दिव्यात दोन रंगांच्या चिपा असतात आणि बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो. सोय चांगली आहे, पण एका बटणावर असे चार दिवे असले की एखादा क्रम चुकतो आणि वेगळ्याच रंगात राहतो. बहुतेक दिव्यांत बटण दहा-पंधरा सेकंद बंद ठेवून पुन्हा लावलं की ते एका रांगेत येतात.

पायरी ४ : सीआरआय, म्हणजे रंग खरे दिसतात का

केल्विन सांगतो उजेडाचा रंग, सीआरआय सांगतो त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. तारेच्या बल्बचा सीआरआय १०० धरला जातो. साध्या एलईडीवर ‘सीआरआय ८० च्या वर’ असं असतं, चांगल्यावर ९०.

हा आकडा आठ फिक्या रंगनमुन्यांची सरासरी आहे, आणि त्या आठांत गडद लाल नाही. तो नमुना वेगळा मोजतात, त्याला आर ९ म्हणतात. म्हणून सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर ९ शून्याच्या आसपासही असू शकतो. अशा उजेडात कुंकू विटकरी दिसतं, टोमॅटो मरगळलेला दिसतो, पैठणीचा लाल काठ तपकिरीकडे झुकतो आणि माणसांचे चेहरे फिके पडतात. आरशापुढे, कपड्यांच्या कपाटाजवळ, जेवणाच्या टेबलावर आणि साड्यांच्या दुकानात सीआरआय ९० आणि आर ९ किमान ५० असलेला दिवा घ्या. त्याच वॅटला ल्युमेन थोडे कमी मिळतात, तेवढं सोसायला हरकत नाही. जिना, पार्किंग, माळा इथे ८० पुरतो.

घरच्या घरी पारख करायची असेल तर तळहात दिव्याखाली धरा. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी दिसतो तसा तांबूस दिसला तर ठीक. राखाडी किंवा हिरवट दिसला तर तो दिवा चेहऱ्यावर उजेड पाडायच्या जागी नको.

पायरी ५ : बीम अँगल

बल्ब आणि बॅटन उजेड सगळीकडे पसरवतात, स्पॉट आणि डाउनलाइट शंकूसारखा टाकतात. त्या शंकूचा कोन म्हणजे बीम अँगल. कडेला उजेड मधल्यापेक्षा निम्मा होतो, तिथवर तो मोजतात. छत ९ फुटांवर आणि टेबल अडीच फुटांवर असेल तर अंतर साडेसहा फूट. तेवढ्या अंतरावर २४ अंशांचा दिवा पावणेतीन फुटांचं वर्तुळ उजळतो, ३६ अंशांचा सव्वाचार फुटांचं आणि ६० अंशांचा साडेसात फुटांचं. तसबिरीवर २४, जेवणाच्या टेबलावर ३६, खोलीभर उजेडाला ६० ते १२०.

पायरी ६ : बल्बच्या पोटात काय आहे

वरचा दुधी घुमट काढला की दिसते एक गोल पांढरी चकती. ती अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याच्या वाटा असतात. तिला एमसीपीसीबी म्हणतात. तिच्यावर चिपांचे पिवळे चौकोन बसवलेले असतात. ‘२८३५’ म्हणजे २.८ × ३.५ मिलिमीटरची चिप, ‘५०५०’ म्हणजे ५ × ५ ची. आकडा फक्त आकार सांगतो, दर्जा सांगत नाही. बऱ्याच चिपा एकाच पिवळ्या थराखाली दाटीने बसवल्या की त्याला सीओबी म्हणतात.

चकतीखाली हीट सिंक. ९ वॅटमधली निम्म्याहून जास्त वीज उष्णता होते. तारेचा बल्ब बरीच उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर फेकायचा. एलईडीतली उष्णता मात्र चिपेच्या पाठीतून चकतीत, चकतीतून हीट सिंकमध्ये आणि तिथून हवेत असाच प्रवास करते. यात कुठे अडथळा आला की चिपेचं आतलं तापमान चढतं. स्वस्त बल्बात हीट सिंकच्या जागी नुसतं प्लास्टिक असतं, किंवा चकती आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामधली थर्मल पेस्ट गायब असते. हातात घेतल्यावर एकाच वॅटचा एक बल्ब लक्षणीय हलका लागला तर कारण बहुधा हेच.

सगळ्यात खाली, पिनांजवळ, ड्रायव्हर. घरातला २३० व्होल्टचा एसी प्रवाह डीसी करायचा आणि व्होल्टेज वर-खाली झालं तरी चिपांना ठरलेलाच करंट द्यायचा, हे त्याचं काम. त्याचे तीन प्रकार बाजारात दिसतात. पहिला आरसी ड्रायव्हर, म्हणजे एक कपॅसिटर लावून प्रवाह अडवलेला. सगळ्यात स्वस्त, आणि व्होल्टेज वाढलं की करंटही वाढतो. दुसरा डीओबी, म्हणजे ड्रायव्हरची आयसी (करंट सांभाळणारं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट) चिपांच्याच चकतीवर बसवलेली. यात भाग कमी, पण आयसी आणि चिपा एकमेकींना तापवतात. तिसरा वेगळ्या पट्टीवरचा आयसी ड्रायव्हर. यात कॉइल असते, व्होल्टेजचा मोठा पल्ला पेलतो आणि बहुतेक वेळा जास्त टिकतो.

ड्रायव्हरमधला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, छोट्या डबीसारखा. आतला द्रव उष्णतेने सुकत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर त्याचं आयुष्य दुप्पट होतं. यावरून बसवण्याचे नियम निघतात. चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी बल्ब लावू नका. फॉल्स सीलिंगमधल्या डाउनलाइटवर वरून थर्माकोल किंवा ग्लासवूल टाकू नका, आणि ड्रायव्हरची डबी दिव्याच्या पाठीवर न ठेवता बाजूला सरकवा. पिना वर आणि घुमट खाली असा लटकवलेला बल्ब सरळ ड्रायव्हरलाच शेक देतो, अशा जागी कमी वॅटचा घ्या.

‘आयुष्य २५,००० तास’ हा आकडा रोज ५ तासांच्या हिशेबाने पावणेचौदा वर्षांच्या आसपास जातो. त्याच्या जवळ एल ७० लिहिलेलं असेल तर अर्थ असा की तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. हे अनुमान चिपांच्या एलएम-८० चाचणीवरून काढतात. ती चाचणी किमान ६,००० तासांची असते आणि ती फक्त चिपांची असते, ड्रायव्हरची नाही. म्हणून २५,००० तासांपेक्षा वॉरंटीच्या वर्षांवर जास्त विश्वास ठेवा.

पायरी ७ : व्होल्टेज, सर्ज आणि पॉवर फॅक्टर

इथे दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. व्होल्टेज रेंज, उदाहरणार्थ १०० ते ३०० व्होल्ट, म्हणजे दिवा सतत किती व्होल्टेजवर चालू शकतो. सर्ज प्रोटेक्शन, उदाहरणार्थ ४ केव्ही (४,००० व्होल्ट), म्हणजे मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा झटका किती सोसू शकतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तारेतून येतो तो सर्ज.

गावाकडे बल्ब एकदम उडतात, ते मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच कारणाने. रोहित्राकडून येणारा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, की एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्या फेजवरच्या घरांत ते ४०० च्या आसपास चढू शकतं, तेही कित्येक मिनिटं. ४ केव्हीचं संरक्षण इथे उपयोगी पडत नाही. उलट सर्ज खाणारा व्हॅरिस्टरच अशा सततच्या व्होल्टेजने जळतो. जिथे हा त्रास वारंवार होतो, तिथे ४४० व्होल्टचं संरक्षण स्पष्ट लिहिलेला दिवा घ्या किंवा घराच्या मुख्य बोर्डावर ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवा. दिवे अचानक प्रखर झाले आणि फ्रिज गुरगुरायला लागला तर आधी मेन स्विच पाडा, मग बाकीची चौकशी.

पॉवर फॅक्टर म्हणजे दिवा ओढतो त्या व्हीएपैकी (व्होल्ट गुणिले अँपिअर) प्रत्यक्ष वॅट किती, याचं प्रमाण. ०.५ आणि ०.९ यांतला फरक घरगुती बिलात दिसत नाही, कारण मीटर किलोवॅट-तास मोजतो. पण ९ वॅटचा दिवा ०.९ ला ४३ मिलिअँपिअर ओढतो आणि ०.५ ला ७८. इन्व्हर्टरची क्षमता व्हीएमध्ये असते. म्हणून वीस दिवे इन्व्हर्टरवर टाकताना १८० वॅटचा हिशेब केला आणि दिवे ०.५ चे निघाले, तर प्रत्यक्षात ३६० व्हीएचा भार पडतो.

पायरी ८ : फ्लिकर आणि डिमर

आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. कपॅसिटर लहान किंवा नसलेला असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण वाचताना थकवा आणि काहींना डोकेदुखी होते. लेथ किंवा ग्राइंडरसारखं फिरतं यंत्र अशा उजेडात थांबल्यासारखं भासू शकतं, तिथे हा सरळ अपघाताचा मुद्दा आहे.

तपासायला मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर फ्लिकर आहे. फोन नसेल तर दिव्याखाली पेन्सिल झपाट्याने हलवा. सलग पुसट पंखा दिसला तर चांगलं, तुटक-तुटक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको. दुकानदार टेस्टिंग बोर्डावर बल्ब लावून दाखवतो, तेवढ्या वेळात हे होतं.

डिमरवर फक्त ‘डिमेबल’ लिहिलेलाच दिवा चालतो. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरवर साधा एलईडी लावला तर तो लुकलुकतो, गुंगुं आवाज करतो आणि लवकर जातो.

पायरी ९ : होल्डर आणि आयपी

आपल्या घरातला दोन पिनांचा होल्डर म्हणजे बी-२२, आट्यांचा मोठा ई-२७, झुंबरातला आट्यांचा बारीक ई-१४. ट्यूबच्या टी-८ मधला ८ म्हणजे एक अष्टमांश इंचाचे आठ भाग, म्हणजे एक इंच व्यास. टी-५ म्हणजे पाच अष्टमांश.

आयपी म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याची दिव्याची क्षमता. त्यापुढचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० खोलीत, आयपी ४४ छपराखालच्या बाल्कनीत, आयपी ६५ उघड्या गच्चीवर आणि फाटकाच्या खांबावर. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६५ च्या दिव्यात पाणी शिरतं ते बहुधा वायर आत जाते त्या भोकातून. वायर खालून आत न्या, आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं, आणि ग्लँड (वायरीभोवतीचं आवळायचं बूच) घट्ट आवळा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारा वारा अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि आयपीचा आकडा खारेपणाबद्दल काहीच सांगत नाही. तिथे पॉलिकार्बोनेटची बॉडी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बघून घ्या.

पायरी १० : पट्टी लावताना

पट्टीत शब्दांची सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून इथे थोडं थांबू. बल्ब आणि पॅनेलचा ड्रायव्हर ठरलेला करंट देतो. पट्टीला लागतो ठरलेलं व्होल्टेज देणारा सप्लाय, १२ किंवा २४ व्होल्टचा. दोन्हींची अदलाबदल चालत नाही.

गणपतीच्या मखराला ५ मीटरचा रोल घेतलात, मीटरला ६० एलईडी आणि ४.८ वॅट. एकूण २४ वॅट, १२ व्होल्टवर २ अँपिअर. सप्लाय नेहमी २५ टक्के जास्त घ्यायचा, म्हणजे अडीच अँपिअर. बाजारात मिळणारा १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर बरोबर बसतो. पट्टी कापायची ती कात्रीची खूण असेल तिथेच. १२ व्होल्टमध्ये तीन-तीन एलईडींचा एक गट असतो, मध्येच कापलं तर तो गट जातो. रोल गुंडाळलेला असताना तपासण्यापुरतेच काही सेकंद लावा. गुंडाळलेल्या रोलची उष्णता बाहेर पडत नाही. मखरात कागद आणि कापड असतं, म्हणून अ‍ॅडॉप्टर त्यांच्या मागे न दडवता मोकळ्या हवेत ठेवा.

फॉल्स सीलिंगच्या कोव्हला (कडेने फिरणाऱ्या खाचेला) मात्र २४ व्होल्टच घ्या. कारण आकड्यांत बघा. ७२ वॅटची पट्टी १२ व्होल्टवर ६ अँपिअर ओढते, २४ वर ३. सप्लायपासून पट्टी ५ मीटर दूर आहे आणि वायर १ चौरस मिलिमीटरची, तर जाण्या-येण्याच्या १० मीटर तांब्याचा रोध ०.२ ओहमच्या आसपास. १२ व्होल्टमधून सव्वा व्होल्टच्या जवळपास वायरीतच जातं, म्हणजे दहा टक्के. २४ मध्ये अर्धा व्होल्ट, फक्त अडीच टक्के.

१२ × १० फुटांच्या कोव्हचा घेर ४४ फूट, म्हणजे १३.४ मीटर. मीटरला ९.६ वॅटची पट्टी धरली तर १२९ वॅट, वर २५ टक्के धरून १६१. एक २०० वॅटचा सप्लाय किंवा १०० चे दोन. पट्टी एका टोकाला जोडून सलग १३ मीटर ओढू नका, पाच मीटरच्या आतले तीन तुकडे करा आणि प्रत्येकाला सप्लायपासून वेगळी वायर द्या. पीओपीची भुकटी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मगच पट्टीची गोंदाची बाजू चिकटवा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पट्टी लोंबते. मीटरला १० वॅटच्या आसपास किंवा वर असेल तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खाली हवीच. दुधी झाकणात ठिपके दिसू नयेत म्हणून झाकण एलईडींच्या आपसातल्या अंतराइतकं तरी दूर ठेवा : मीटरला ६० असतील तर १७ मिलिमीटर, १२० असतील तर साडेआठ. सीओबी पट्टीत हा प्रश्न येत नाही.

पायरी ११ : बिघाड ओळखणे

बटण बंद, तरी बल्ब अंधारात मिणमिणतो. बहुतेक वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, किंवा बटणात लाल इंडिकेटर असतो. त्यातून झिरपणारा अगदी थोडा करंट एलईडीला पुरतो. इंडिकेटर असेल तर तो काढून टाका. न्यूट्रलवर बटण असेल तर वायरमनकडून लगेच बदलून घ्या, कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो.

पट्टी लागते, विझते, पुन्हा लागते : सप्लायवर भार जास्त झालाय आणि तो स्वतःला वाचवतोय. एखादा मीटर काढून बघा, थांबलं तर मोठा सप्लाय घ्या. पट्टीचं शेवटचं टोक मंद : व्होल्टेज पडतंय, दुसऱ्या टोकालाही वायर द्या. रंगीत पट्टी टोकाला लालसर होणं हेही तेच, कारण निळ्या-हिरव्या चिपांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. ओळीने तीनच एलईडी बंद : त्या गटातली एक चिप किंवा तिचा सोल्डर गेला.

पॅनेल बंद पडलं की बहुधा ड्रायव्हरच बदलावा लागतो. जुन्या डबीवर ‘आउटपुट डीसी ३०-४२ व्होल्ट, ३०० एमए’ असं काहीतरी असतं. नव्यावरचा एमए तंतोतंत तोच हवा आणि व्होल्टचा पल्ला जुना पल्ला सामावणारा हवा. ३०० च्या जागी ४५० चा लावला तर पॅनेल आधी झगझगीत दिसतं आणि काही दिवसांत जळतं. जोडताना आधी पॅनेलची पिन लावा, मग मेन चालू करा. चालू ड्रायव्हरला पॅनेल जोडलं तर त्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेलं चढं व्होल्टेज एकदम चिपांवर येतं.

बंद बल्ब उघडल्यावर एखाद्या पिवळ्या चौकोनात काळा ठिपका दिसतो. ती मेलेली चिप, आणि चिपा एका माळेत असल्याने सगळाच बल्ब बंद पडतो. ती चिप सोल्डरने ओलांडून बल्ब चालू करायची पद्धत आहे. वेगळ्या आयसी ड्रायव्हरवर ते काही काळ चालतं. डीओबीत मात्र त्या चिपेचं व्होल्टेज आयसीच्या वाट्याला येतं, ती जास्त तापते आणि दुसरी चिप लवकरच जाते. आणि हे लक्षात ठेवाच : बहुतेक बल्बांतला ड्रायव्हर मेनपासून विलग केलेला नसतो. चालू बल्बाच्या उघड्या चकतीवर सरळ २३० व्होल्टची वीज असते. घुमट काढलेला बल्ब होल्डरमध्ये लावून हाताने चाचपू नका.

पायरी १२ : पैसे देण्याआधी

बल्बच्या खोक्यावर आयएस १६१०२ हे मानक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक शोधा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. खोक्यावरची कंपनी आणि अ‍ॅपमधलं नाव याचा ताळमेळ लागत नसेल तर खोकं परत ठेवा. त्यानंतर ल्युमेन, केल्विन, सीआरआय, पॉवर फॅक्टर, व्होल्टेज रेंज, सर्ज, वॉरंटी या क्रमाने नजर फिरवा.

बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. घरी बल्ब लावण्याआधी त्याच्या बुडाशी काळ्या मार्करने तारीख घाला, कारण बिलाची शाई वर्षभरात उडते आणि वॉरंटीच्या वेळी दुकानदार पहिलं विचारतो ते कधी घेतला हेच.